तिसरा रकाना

संध्याकाळपर्यंत एका मसुद्यावर टिपण द्यायचं होतं. किशोरवयीन वाचकांसाठीची विज्ञानकादंबरी, सिंड्रेलाची गोष्ट अंतराळस्थानकावर घडते. भाषा नेटकी, प्रसंग चटपटीत, तरी चौथ्या प्रकरणापासून गोष्ट ढिली पडत होती. कुठे, हे बोट ठेवून सांगता येईना. म्हणून मरिसा मायर यांची 'सिंडर' (2012) पुन्हा काढली. तीही सिंड्रेलाचीच गोष्ट, विज्ञानकादंबरीच्या रूपात. पुढे काय होतं हे माहीत असलेलं पुस्तकच अशा कामाला बरं, कारण ओढ नसली की सांधे दिसतात. (पुढे शेवट फोडला आहे. वाचायची असेल त्यांनी आधी कादंबरी वाचावी.)

कागदावर तीन रकाने आखले. पहिल्यात मूळ परीकथेतली वस्तू किंवा घटना. दुसऱ्यात नव्या जगात तिचं झालेलं रूप. तिसऱ्यात एकच प्रश्न: ही वस्तू काढून टाकली तर काय कोसळतं? पहिले दोन रकाने कुणीही भरतो. पुनर्कथन तिसऱ्यात तगतं किंवा पडतं.

बुटाची ओळ भरताना कागद पुरला नाही. सिंडर ही न्यू बीजिंगच्या बाजारात दुरुस्तीचं दुकान चालवणारी सायबोर्ग मुलगी, शरीराचा 36.28 टक्के भाग यंत्राचा. सुरुवातीलाच ती स्वतःचा धातूचा पाय सोडवत बसली आहे. घोट्यातला स्क्रू गंजलेला आणि पाय तिच्या मानाने कधीच लहान झालेला. नवा पाय येतो. पुढे सावत्र आई तो काढून घेते, कारण कायद्याने सिंडर आणि तिची कमाई दोन्ही तिच्या ताब्यात. मग तोच जुना, तोकडा पाय चढवून ती राजवाड्यातल्या नृत्याला जाते आणि पायऱ्यांवर तो निखळतो. म्हणजे आरंभ, सावत्र आईची सत्ता आणि शेवटचा प्रसंग, तिन्ही एका सुट्या भागावर टेकलेले. मूळ कथेत बूट मुलीची ओळख पटवून तिला वर नेतो. इथे तीच ओळख तिच्यावर उलटते.

काचेचा बूट फ्रेंच लेखक शार्ल पेरो यांच्या 1697च्या कथेतला. ग्रिम बंधूंकडे तो सोन्याचा आहे, आणि तो बसावा म्हणून सावत्र बहिणी अंगठा नि टाच कापून घेतात. कापलेला पाय या गोष्टीत पूर्वीपासूनच होता. मायर यांनी तो बहिणींकडून काढून नायिकेला दिला, असं मला वाटतं. 'सिंडर'च्या चार भागांच्या आरंभी ग्रिमच्याच ओळी आहेत. शिवाय ये शियान या सिंड्रेलासारख्याच मुलीची, सोन्याच्या पादत्राणाची कथा चीनमध्ये नवव्या शतकातच लिहून ठेवलेली आहे. त्यामुळे न्यू बीजिंग आधी वाटलं होतं तितकं नुसतं नेपथ्य उरत नाही.

भोपळ्याची ओळ मात्र लंगडी निघाली. तिथे पेट्रोलवर चालणारी जुनी नारिंगी मोटार आहे. मोटारीला काम आहे, कारण तिच्यातून पळून जायचा बेत असतो. नारिंगी रंगाला काही काम नाही. तो वाचकाकडे बघून मिचकावलेला डोळा. एखादा चालतो.

रहस्याचं गणित वेगळं. वयाच्या अकराव्या वर्षाआधीचं सिंडरला काही आठवत नाही आणि चंद्रावरची राजकन्या लहानपणीच आगीत मेली असं सगळे मानतात. बहुतेक वाचक बेरीज लवकर करून मोकळे होतात. तरी पानं उलटतात, कारण 'ती कोण' याच्या जागी 'तिला कधी कळणार' हा प्रश्न येतो. माझ्यासमोरच्या मसुद्यात हेच रहस्य शेवटच्या प्रकरणापर्यंत इतकं घट्ट दाबलं होतं की मधल्या पानांना ओढायला काही उरलंच नव्हतं.

मग मसुद्याचा तक्ता केला. नऊ ओळी, तिसरा रकाना दोनच ठिकाणी भरलेला. चुंबकी बूट थेट नृत्याच्या प्रसंगात पहिल्यांदा दिसत होता. टिपणात लिहिलं: बूट पहिल्या प्रकरणात आणा. त्याचं चुंबक दुबळं आहे हे नायिका स्थानकाच्या वजनरहित भागात सरपटताना दाखवा. तो चार्ज करायची किल्ली सावत्र आईकडे ठेवा. तंत्रज्ञान समजावणारे चार परिच्छेद कापा आणि तीच माहिती दुरुस्ती करणाऱ्या हातांतून येऊ द्या. सिंडरकडे राजपुत्र बिघडलेला अँड्रॉइड, म्हणजे यंत्रमानव, घेऊन येतो. त्या एका दुरुस्तीत ओळख होते आणि हरवलेल्या राजकन्येचा धागाही मिळतो. नायिकेच्या धंद्याने कथानकाचं दार उघडावं ते असं.

संध्याकाळी उत्तर आलं. बाकी सगळं मान्य होतं, फक्त भोपळ्याच्या आकाराचे तीन दिवे ठेवायचे होते. एक ठेवू दिला.