किपू, तिसरा प्रयत्न: कुस्कोच्या ३२८ वाका दोऱ्यांवर

मंडळी, काल रात्री बेरीज जुळली एकदाची! मागचे दोन किपू (आडव्या दोराला लोंबणाऱ्या दोऱ्यांवर गाठी मारून आकडे नोंदवायची इंकांची पद्धत) नुसते सरावाचे होते, मनाला येतील ते आकडे, म्हणून यावेळी ठरवलं की इंकांच्याच जगातली मोजणी बांधायची. पेरूतल्या कुस्को या त्यांच्या राजधानीतल्या कोरिकांचा या सूर्यमंदिराच्या परिसरातून चारी दिशांना ४१ रेषा कल्पलेल्या होत्या, त्यांना सेके म्हणायचे, आणि त्या रेषांवर ३२८ वाका म्हणजे पवित्र जागा. वाका म्हणजे देऊळच असं नाही हां, झरा, दगड, टेकडी, राजाचं जुनं घर, काहीही. कुठल्या रेषेची पूजाअर्चा कोणी करायची ते कुळांमध्ये वाटून दिलेलं. बेर्नाबे कोबो या जेझुइट पाद्रीने १६५३ च्या ग्रंथात यादी दिलीय, साम्राज्याच्या चार भागांप्रमाणे: चिंचायसुयू ८५, अंतिसुयू ७८, कोल्लासुयू ८५, कुंतिसुयू ८०.

म्हणजे खाली लोंबणारे चार दोरे आणि वरच्या बाजूला जाणारा पाचवा, त्यावर बेरीज ३२८. ही कल्पना माझी नाही, किपूंचे अभ्यासक लेलंड लॉक यांनी १९१२ मध्ये किपूतली दशमान पद्धत दाखवून दिली ती अशाच वरच्या दोऱ्यांच्या बेरजा ताडून.

सूत कापसाचंच, टकळीवर कातलं, मग दुहेरी करून उलटा पीळ दिला. दुहेरी केल्यामुळे एका टोकाला आपोआप फासा राहतो, तो आडव्या जाड दोराभोवती घालून दोरा त्यातूनच ओढून घ्यायचा, घट्ट बसतो. वरचा दोरा मी चारही फाशांमधून ओवून घेतला, त्यामुळे चौघं एकत्र बांधले गेले आणि बघताक्षणी कळतं की ही बेरीज यांचीच.

आता गाठी. दशक शतकाला साध्या गाठी, जितका आकडा तितक्या. एककाला लांब गाठ, म्हणजे एकाच गाठीत तेवढे वेढे. एककाचा १ असेल तर इंग्रजी आठच्या आकाराची गाठ, कारण एका वेढ्याची लांब गाठ म्हणजे साधीच गाठ की, दशक कुठला एकक कुठला कळणार नाही. मोठं स्थान आडव्या दोराजवळ, एकक खाली टोकाकडे. ८५ ला आठ साध्या आणि खाली पाच वेढ्यांची एक. ७८ च्या आठ वेढ्यांनी मात्र जीव काढला, ओढलं की वेढे एकमेकांवर चढायचे, तीनदा सोडवून बांधलं. शेवटी विणायच्या सुईवर सैल गुंडाळून सुई काढली आणि टोक अगदी हळूहळू ओढलं तेव्हा सगळे वेढे शेजारी शेजारी बसले. करून बघा नक्की.

सगळ्यात आवडलं ते ८०. आठ गाठी आणि खाली काहीच नाही, कोरा दोरा, तोच शून्य. पण शेजारच्या दोऱ्यांचे एकक एका ओळीत असतील तरच ती मोकळी जागा शून्य म्हणून वाचता येते. माझी ओळ बोटभर सरकली होती (गाठी किती सूत खातात त्याचा अंदाज चुकला) म्हणून अख्खा कुंतिसुयू परत बांधला.

कोल्लासुयूच्या ८५ मध्ये वानाकौरी आहे, पहिल्या इंका राजाचा भाऊ जिथे दगड झाला असं मानत ती जागा, मुलं वयात आली की त्यांच्या विधीसाठी तिथे नेत. पाचव्या वेढ्याला मी त्याचीच आठवण काढत होतो. १५८३ मध्ये लिमाच्या कॅथलिक धर्मपरिषदेने जुन्या देवाधर्माची आठवण ठेवणारे किपू नष्ट करायला सांगितलं, ते वाचल्यापासून हा आकडा हाताने बांधायचा असं मनात होतं.

पुढे पूर्ण ४१ दोऱ्यांचा करतोय, प्रत्येक सेकेला एक, तीन सुयूंना ९ ९ आणि कुंतिसुयूला १४. सूत १६ दोऱ्यांपुरतं कातून झालंय.