संध्याकाळी पाच चाळीस, सकाळी आठ बारा

विम्याच्या क्लेम फॉर्ममधील 'घटना कशी घडली' हा रकाना बहुतेक लोक एका ओळीत उरकतात. या फॉर्मला मात्र वेगळा टाइप केलेला कागद जोडला होता आणि त्यातील निम्म्याहून अधिक मजकूर ड्रायव्हरविषयी होता. मुसळधार पावसात माटुंग्याच्या गांधी मार्केटजवळ गाडी पाण्यात बंद पडली, स्पष्ट सूचना दिलेली असूनही ड्रायव्हरने ती पुन्हा पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला आणि त्यामुळे इंजिन निकामी झाले, असे मालकांनी त्यात लिहून खाली ठसठशीत सही केली होती. मी मोटार दाव्यांचा परवानाधारक सर्व्हेअर आहे. नेमणूक विमा कंपनी करते, पण आम्ही तिचे नोकर नसतो. नुकसान किती, कशामुळे आणि पॉलिसीनुसार त्यातले देय किती, एवढे ठरवून अहवाल देणे हे आमचे काम. स्वतःच्याच दाव्याविरुद्धचा पुरावा इतक्या नेटकेपणाने टाइप करून देणारा विमेदार मला क्वचितच भेटला आहे.

हे विधान त्यांच्याच विरुद्ध का जात होते, ते सांगायला हवे. साध्या सर्वंकष पॉलिसीत पुराचे नुकसान समाविष्ट असते, पण चालत्या इंजिनात पाणी शिरून ते मोडले तर कंपन्या त्याला 'परिणामस्वरूप नुकसान' म्हणतात आणि हात झटकतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. कोटीची गाडी घेताना सनरूफ, सुगंधी एसी आणि पायाखालच्या दिव्यांवर लाखो रुपये उधळणारी माणसे नेमक्या याच जादा हप्त्यावर घासाघीस करतात, हा माझा नेहमीचा अनुभव. या मालकांनी ते संरक्षण घेतले होते, ही त्यांची हुशारी मान्य करावीच लागेल. परंतु त्यांच्या पॉलिसीत एक अट होती: गाडी पाण्यात बंद पडल्यावर ती पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नाने वाढलेले नुकसान मिळणार नाही. तो प्रयत्न मालकाने केला की त्याने ठेवलेल्या ड्रायव्हरने, याने काडीचाही फरक पडत नाही. "ड्रायव्हरचं नाव टाका, म्हणजे तुमच्यावर काही येणार नाही," हा सल्ला त्यांना एजंटाने दिला होता, असे पुढे कळले. पॉलिसी विकून झाली की तिचे शब्द वाचण्याची जबाबदारी आपली नाही, असे मानणाऱ्या एजंटांची आपल्याकडे वाण नाही.

गाडी तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीतील वर्कशॉपमध्ये आणलेली होती. जर्मन बनावटीची सात आसनी एसयूव्ही, तीन लिटरचे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन, वय अडीच वर्षे. दादरच्या हिंदू कॉलनीतून मुलांची शाळा, क्लास, आजी-आजोबांचे दवाखाने आणि महिन्यातून एखादे लोणावळा, हा तिचा दिनक्रम. नवी घेताना शोरूम किंमत कोटीच्या घरात आणि त्यावर महाराष्ट्राचा डिझेलचा १५ टक्के रोड टॅक्स. इथे बहुतेक मालकांची एक गफलत होते. विम्यातील आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, ही शोरूम किमतीवरून काढतात, रोड टॅक्स त्यात धरत नाहीत. आणि दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के घसारा लागतो. म्हणजे सव्वा कोटीच्या आसपास खिशातून गेलेल्या या गाडीची आयडीव्ही ७० लाखांच्या आगेमागे होती. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करण्यापलीकडची, ठरते. वर्कशॉपचे एस्टिमेट या सीमेच्या किंचित खाली थांबलेले होते. अशी एस्टिमेट्स तिथेच का थांबतात, हा मी सोडवायला घेतलेला प्रश्न नव्हे. पण ती थांबतात. गाडी टोटल लॉस झाली तर वर्कशॉपला टोईंगच्या पावतीपलीकडे काही मिळत नाही, एवढे नोंदवून ठेवतो.

एस्टिमेटची पहिली ओळ 'संपूर्ण इंजिन असेंब्ली' अशी होती. इंजिन उघडल्याशिवाय ही ओळ मान्य करणार नाही, असे मी सांगितले. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने, कंपनीची तशी पद्धत नाही, वॉरंटीचा प्रश्न येईल, असे नेहमीचे पाढे म्हटले. शेवटी हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा झाकणासारखा भाग, उतरवले गेले आणि ते काम ज्या वयस्कर मेकॅनिकने केले, त्याच्या हाताला मी मनोमन दाद दिली. वर्कशॉपमधील सर्वांत कमी बोलणारा आणि सर्वांत जास्त जाणणारा माणूस तो होता.

पाण्याने इंजिन कसे मोडते, हे अनेक मालकांना शेवटपर्यंत समजत नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. या इंजिनाचा एक सिलिंडर साधारण ५०० घन सेंटिमीटरचा. डिझेलचे कॉम्प्रेशन १६ला १ धरले, तर पिस्टन अगदी वर पोहोचतो तेव्हा त्याच्या डोक्यावर ३३ मिलिलिटरच्या आसपास जागा उरते. खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजले तर साडेतीन झाकणेही नाहीत. त्याहून अधिक पाणी आत शिरले की पिस्टनला वर जायला जागाच नसते, मागून क्रँकशाफ्टचा, म्हणजे पिस्टनला वर-खाली करणाऱ्या फिरत्या दांड्याचा, रेटा तर चालूच असतो, आणि या दोघांना जोडणारा कनेक्टिंग रॉड मधल्यामध्ये वाकतो. हेड उतरवल्यावर आम्ही क्रँक हाताने फिरवून प्रत्येक पिस्टनची वरची पातळी डायल गेजने मोजली. पाच पिस्टन ब्लॉकच्या पृष्ठभागाच्या केसभर वर आले. डिझेलमध्ये ते तसेच यायला हवेत. चौथा दोन मिलिमीटरहून अधिक खाली राहिला. बोटाच्या टोकाने कडा चाचपली तरी फरक कळत होता. सिलिंडरच्या भिंतीवर जुन्या कार्बनचे वर्तुळ जिथे होते, तिथवर पिस्टन आता पोहोचतच नव्हता आणि त्याच्या खाली नवे वर्तुळ उमटलेले नव्हते. याचा अर्थ रॉड वाकल्यानंतर हे इंजिन एकदाही चालले नव्हते.

धातू एवढेच सांगू शकत होता. रॉड वाकला केव्हा, गाडी चालताना की नंतर कोणी ती सुरू करायला गेल्यावर, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी मी स्कॅनरचा पूर्ण अहवाल मागितला. अशा गाड्या फॉल्ट कोडबरोबर, म्हणजे बिघाडाच्या सांकेतिक नोंदीबरोबर, त्या क्षणाची वेळ, किलोमीटर, इंजिनचे फेरे आणि गाडीचा वेगही साठवून ठेवतात. वर्कशॉपवाले फक्त कोडांची यादी छापून देतात, तपशिलाची पाने मागून घ्यावी लागतात; मी ती नेहमी मागतो आणि त्यामुळे मला किरकिरा समजतात. पहिली नोंद संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटांची होती: वेग ताशी ८ किलोमीटर, फेरे मिनिटाला ११५०, आणि पुढच्याच क्षणी इंजिन बंद. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी ८ वाजून १२ मिनिटांपर्यंत इग्निशन एकदाही चालू झाल्याची नोंद नव्हती. ८ वाजून १२ मिनिटांनी इग्निशन चालू झाले, स्टार्टरचा प्रयत्न झाला आणि 'इंजिन यांत्रिकरीत्या अडकले' असा कोड पडला. लगोलग आणखी दोन प्रयत्न, तोच कोड. क्रँकच्या सेन्सरने तीनही वेळा शून्य फेरे नोंदवले होते.

सकाळी क्रँक हललेच नाही, म्हणजे सकाळी रॉड वाकणे शक्य नव्हते. तो आदल्या संध्याकाळीच, चालत्या गाडीत वाकला होता. म्हणजे इंजिनाचे नुकसान इंजिन प्रोटेक्टखाली पूर्णपणे देय होते. मालकांनी टाइप करून दिलेली गोष्ट खरी असती, तर ते देय राहिले नसते.

ड्रायव्हरला मी सायनच्या प्रतीक्षा नगरात, त्याच्या घराजवळच्या एका हॉटेलात भेटलो, कारण मालकांनी त्याला तोपर्यंत कामावरून काढले होते. पन्नाशीचा, मूळचा साताऱ्याकडचा माणूस. "साहेब, मी टॅक्सीपासून सुरुवात केलीय. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला चावी मारत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको," असे त्याने पहिल्याच वाक्यात सांगितले. सायनहून दादरकडे येताना गांधी मार्केटपाशी पाणी पाहून तो थांबला होता. क्लासमधून मुलीला आणायचे होते, घरून एकामागून एक फोन येत होते, आणि एवढी उंच गाडी घेतली ती कशासाठी, असे त्याला फोनवर ऐकवले गेले. पुढच्या छोट्या गाड्या जात होत्या. त्याने ऑटो स्टार्ट-स्टॉपचे बटण बंद केले, एअर सस्पेन्शन वर घेतले आणि एका संथ गतीने गाडी आत घातली. ऑटो स्टार्ट-स्टॉप बंद करण्याचे सुचणारा ड्रायव्हर मला आजवर दुसरा भेटलेला नाही. ते चालू राहिले तर ब्रेकवर थांबताच इंजिन आपोआप बंद होते आणि भर पाण्यात आपोआप पुन्हा सुरू होऊ पाहते. पाणी चाकाच्या मध्याच्या थोडे वर होते. २० इंची रिमच्या या टायरचा व्यास ७६ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे चाकाच्या मध्याची उंची ३८. बऱ्याच युरोपीय कौटुंबिक एसयूव्हींच्या पुस्तिकेत पाण्याची मर्यादा अर्ध्या मीटरच्या आसपास असते, तीही माणसाच्या चालीने आणि पाणी स्थिर असेल तर. समोरून एक बस आली, तिची लाट बॉनेटवर चढली आणि ग्रिलमागच्या एअर इनटेकने ती आत ओढली. त्याने गाडी न्यूट्रलला टाकून तिघांच्या मदतीने कडेला ढकलली, कुलूप लावले आणि रात्री चावी मालकांच्या घरी नेऊन दिली.

उंच बसायला मिळाले की पाणी उथळ दिसते. शोरूममधील पडद्यावर नदीतून फवारे उडवत जाणारी गाडी सर्वांना आठवते, पुस्तिकेतील ते पान मात्र कोणी उघडलेले नसते. वर उचललेल्या एअर सस्पेन्शनवर ९०० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकणारी लँड रोव्हर डिफेंडरसारखी गाडी निराळी आणि तिसऱ्या रांगेत मुलांना बसवण्यासाठी बांधलेली गाडी निराळी, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही.

मालकांशी भेट त्यांच्या कार्यालयात झाली. मी वेळांचे पान त्यांच्यासमोर ठेवले आणि सकाळी आठ बाराला चावी कोणाकडे होती, एवढेच विचारले. ते बराच वेळ पान पाहत राहिले. मग म्हणाले, "मुलाने लावून बघितली असेल. सर, एवढी गाडी बंद पडलेली बघवत नाही." सकाळच्या त्या प्रयत्नांनी इंजिनाचे काही बिघडले नसले, तरी ओल्या गाडीत इग्निशन चालू केल्याने सीटखालील दोन कंट्रोल युनिट आणि म्युझिक सिस्टीमचा अ‍ॅम्प्लिफायर जळले होते; सर्किटवर काळे पडलेले डाग आणि त्याच वेळेचे व्होल्टेजचे कोड दोन्ही जुळत होते. तेवढी रक्कम मी वगळणार असल्याचे सांगितल्यावर त्यांनी विचारले, "मग हे पैसे ड्रायव्हरकडून वसूल करता येतील का?" हा प्रश्न त्यांनी छद्मीपणाने विचारलेला नव्हता. त्यांना खरोखरच तसे वाटत होते, आणि मला आजही सर्वांत अस्वस्थ करते ते तेच. गाडी पाण्यात घातली कोणी, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. फोन कोणी केले होते, असे विचारण्याचा मला अधिकार नव्हता. मी तरीही विचारले, आणि भेट तिथेच संपली.

अहवालात मी शॉर्ट ब्लॉक (म्हणजे पिस्टन, रॉड आणि क्रँकसह इंजिनाचा खालचा भाग), इनटेक, टर्बोची साफसफाई, सगळे कारपेट आणि वायरिंगचा काही भाग मान्य केला, संपूर्ण इंजिन नाकारले, जळालेली युनिट्स वगळली. 'नोंदींनुसार घटनेच्या वेळी वाहन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न झालेला नाही' असे एक वाक्य स्वतंत्र परिच्छेद करून लिहिले. विमा कंपनीने दावा मंजूर केला. मालकांना, त्यांच्या स्वतःच्या कागदावर विश्वास ठेवला असता तर मिळाली नसती, अशी मोठी रक्कम मिळाली.

काही आठवड्यांनी ड्रायव्हरचा फोन आला. नव्या ठिकाणी काम मिळत होते, पण जुन्या मालकांनी चौकशीच्या फोनवर "याने आमचं इंजिन घालवलं" असे सांगितले होते. त्याला माझ्या अहवालातील त्या स्वतंत्र वाक्याची प्रत हवी होती. सर्व्हे अहवालाची प्रत मागण्याचा हक्क विमेदाराला आहे. ड्रायव्हर त्या करारात कोणीच नसतो, त्याचे नाव फक्त लायसन्स नंबरापुढे येते. मी त्याला नियम समजावून सांगितला. तो म्हणाला, "म्हणजे खरं काय ते लिहिलंय, पण ते त्यांच्या कपाटात आहे." नव्या मालकाशी मी स्वतः फोनवर बोलण्याची तयारी दाखवली, तर तोंडी शब्दाला ते लोक काय किंमत देणार, असे त्याचे म्हणणे पडले, आणि ते मला खोडता आले नाही.

त्यानंतर पुराच्या प्रत्येक दाव्यात मी ड्रायव्हरचा जबाब दोन प्रतींत घेऊ लागलो आहे. स्कॅनरमधील वेळा जबाबातच लिहितो, त्यावर त्याची आणि माझी सही होते, आणि एक प्रत त्याच्याच हातात जाते. जबाब त्याचा स्वतःचा असल्यामुळे त्याला कोणाच्या परवानगीची गरज नसते. विमा कंपनीच्या एका अधिकाऱ्याने याला हरकत घेतली आणि असा कागद उद्या मालकाविरुद्ध वापरला जाईल, असे सुनावले. जबाब खोटा असेल तर तो माझ्याविरुद्धही वापरता येईल, असे मी त्यांना लेखी कळवले आहे. उत्तर अजून आलेले नाही.