ब्रेक लाइट बंद : एकच लक्षण, दोन वेगळे दोष

नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना आपण वेग कमी करतोय हे मागच्या ट्रकवाल्याला कळतं ते फक्त ब्रेक लाइटमुळे. आणि नेमके हेच दिवे गेलेले चालकाला बसल्या जागेवरून दिसत नाहीत. एक गेला तरी पत्ता लागत नाही, मग कधीतरी दुसराही जातो. जुलैच्या पावसात माझ्या हॅचबॅकचं तेच झालं. खालचे दोन्ही ब्रेक लाइट बंद, मागच्या काचेतला तिसरा मात्र लागत होता.

तो तिसरा दिवा लागतोय म्हटल्यावर निम्मं काम झालं. माझ्या गाडीत तिन्ही दिव्यांना एकाच फ्यूजमधून आणि पेडलजवळच्या एकाच स्विचमधून करंट जातो. म्हणजे ते दोन्ही ठीक. दोष पुढे, बल्ब, होल्डर किंवा वायरिंगमध्ये. सोबत कोणी नव्हतं, म्हणून पेडल आणि सीटच्या मध्ये एक काठी अडकवून ब्रेक दाबून ठेवला आणि डिकी उघडली.

बल्ब 21/5 वॅटचा, डबल फिलामेंटचा. 5 वॅटची तार पार्किंगची, 21 वॅटची ब्रेकची. डाव्या बल्बची जाड तार तुटलेली उघड दिसत होती, काचही आतून काळवंडलेली. पार्किंग लागतंय म्हणून बल्ब चांगला असं समजू नका. दोन तारा स्वतंत्रपणे जातात. नवा बल्ब शंभराच्या आत येतो. बसवताना त्याच्या दोन पिना वर-खाली आहेत हे बघायचं. जोर लावून उलटा बसवला तर पार्किंग भगभगीत आणि ब्रेक मंद, असा उलटा कारभार होतो. त्या होल्डरमध्ये सिंगल फिलामेंटचा बल्ब घातला तर त्याच्या तळाचा एकच मोठा पॉइंट होल्डरमधले दोन्ही पॉइंट जोडतो आणि ब्रेक दाबला की सगळं पार्किंग लागतं.

उजवीकडे गंमत वेगळी. बल्ब धडधाकट. काढलेल्या होल्डरच्या ब्रेक पॉइंटवर मल्टिमीटरची लाल पिन आणि बॉडीच्या उघड्या बोल्टवर काळी लावली तर 12.4 व्होल्ट. सप्लाय आहे, बल्ब आहे, तरी उजेड नाही. बल्ब परत बसवून नीट पाहिलं तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. पार्किंग बंद असताना ब्रेक दाबला की पार्किंगचीच बारीक तार पेटायची. पार्किंग लावून ब्रेक दाबला की तीसुद्धा विझायची. ही खूण अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परत जायची वाट) तुटल्याची. दोन्ही तारांचा अर्थ एकच असतो. तो मिळाला नाही की ब्रेकचा करंट पार्किंगच्या तारेतून उलटा शिरतो आणि बाकीच्या पार्किंग दिव्यांतून अर्थ शोधतो. दोन्हीकडून 12 व्होल्ट आले की करंटला जायला वाटच उरत नाही.

खात्रीसाठी बल्ब बसवून, ब्रेक दाबलेला ठेवून, होल्डरच्या अर्थ पट्टीपासून बॉडीपर्यंत व्होल्टेज मोजलं. तिथे शून्याजवळ यायला हवं. आलं जवळजवळ 11. बल्ब काढून मोजत बसलो असतो तर दोष सापडला नसता. मोजायचं ते लोडवर, म्हणजे बल्ब जोडलेला आणि ब्रेक दाबलेला असताना.

पट्टीवर हिरवट थर होता. पॉलिश पेपरने घासली, पण गंजून इतकी पातळ झाली होती की वाकवताना तुटली. नाना पेठेतून वायरसकट होल्डर आणला, रंगाला रंग जुळवून सोल्डर केला, वर स्लीव्ह. नुसत्या पिळून टेप लावलेल्या जोडात पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरणारच. पाणी आलं कुठून, तर लाइटच्या मागचं फोमचं गॅस्केट दबून सपाट झालं होतं. तेही बदललं. सिलिकॉन लावणार असाल तर लाइटच्या तळाचं बारीक भोक बुजवू नका, आतली वाफ तिथूनच बाहेर पडते.

तिन्ही दिवे बंद असते तर आधी फ्यूज पाहिला असता. 21 वॅटचे दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअर घेतात, म्हणून 10 अँपिअरचा फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहेच; बहुतेक वेळा डिकीच्या बिजागरीजवळ, जिथे वायर रोज दुमडते. त्या फ्यूजच्या जागी 20 अँपिअरचा फ्यूज किंवा तार घालणं म्हणजे वायरिंग जाळून घेणं. त्यानंतर स्विच : पेडल सोडलेलं असताना त्याचा दांडा आत दाबलेला असतो; पेडल दाबलं की तो बाहेर येतो आणि दिवे लागतात. दांडा ज्या रबरी बटणावर टेकतो ते तुटून खाली पडलं की दिवे कायम चालू राहतात आणि सकाळी बॅटरी बसलेली असते. पायाखालच्या मॅटवर रबराचे तुकडे दिसले तर हेच झालंय.

शेवटी गाडी सोसायटीच्या भिंतीला पाठ करून लावली आणि पार्किंग, इंडिकेटर, ब्रेक आलटून पालटून दिले. उजव्या होल्डरच्या अर्थवर आता 0.1 व्होल्ट, भिंतीवर दोन्हीकडे सारखा लाल उजेड.