फरसबंदी, उतार आणि टायरमधली हवा
आजच्या सायकलच्या वाटेत दरी, झरे, पडकी तटबंदी सगळं होतं. पण जुन्या फरसबंदीवर निम्मा खेळ टायरमधल्या हवेचाच. २.४ इंची ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) टायर आणि ७५ किलोचा स्वार असेल तर पुढे २२, मागे २५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरे. जास्त भरली की चाक दगडावरून उसळतं, कमी भरली की रिम (चाकाची कडा) दगडावर आपटते. देखावा थांबूनच पाहावा (चालत्या सायकलवरून पाहणारे झुडपात सापडतात!). उतारावर सीट खाली, नजर लांब. ब्रेक सतत धरून ठेवला की डिस्क (चाकावरची ब्रेकची चकती) तापते, तिला घासणारे पॅड गुळगुळीत होतात आणि नेमका वळणावर ब्रेक दगा देतो. वळणाआधी जोरात दाबा, मग सोडा. पडक्या पायऱ्यांवर मात्र खाली उतरून सायकल हातात धरून न्यावी. मागचं चाक लॉक होऊन घसरलं तर सैल झालेला दगड निखळतो.