गडगा, फुरसं आणि कॉम्प्युटर

गेल्या ऑक्टोबरात देवगडला घरी होतो, आबा कलमांच्या बागेतला पडका गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, रचत होते आणि दगडांच्या फटीतून फुरशाने, त्या छोट्या विषारी सापाने, बोट धरलं. हातभर पण नसतं हो ते, कातळावर पडलेलं असलं तर दिसत सुद्धा नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी काचेच्या ट्यूबमध्ये थोडं रक्त घेतलं, टेबलावर उभी केली आणि म्हणाले वीस मिनिटं कोणी हात लावू नका. वीस मिनिटांनी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं, म्हणजे विष चढलं होतं. मग सलाईनमधून दहा व्हायल अँटीव्हेनम, म्हणजे विषावरचं औषध, आणि अर्ध्या तासात आबांना अशी हुडहुडी भरली, अंगभर गांधी उठल्या, की मी पार गळालो. नर्स शांतपणे म्हणाली घोड्याचं औषध ना, होतं काहींना.

आबा वाचले, पण ते "घोड्याचं" डोक्यात राहिलं. 1890 च्या दशकात काल्मेटने सुरू केलेली पद्धत, घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं आणि त्याच्या रक्तातल्या अँटीबॉडी काढायच्या, आजही मुळात तीच आहे. त्यातल्या थोड्याच विषाला धरतात, बाकी आपल्या शरीराला परक्याच.

आता दुसरी बाजू. 2024 चं केमिस्ट्रीचं अर्धं नोबेल ज्यांना मिळालं त्या अमेरिकेतल्या डेव्हिड बेकरच्या लॅबने आणि डेन्मार्कच्या मंडळींनी मिळून जानेवारी 2025 मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात पेपर छापला. घोडा नाही, काही नाही. विषाच्या प्रोटीनचा आकार कॉम्प्युटरला द्यायचा, आरएफडिफ्यूजन नावाचा प्रोग्रॅम नुसत्या गोंधळापासून सुरू करून त्यावर घट्ट बसेल असा प्रोटीनचा सांगाडा रचतो, दुसरा प्रोग्रॅम त्याला अमिनो ॲसिडची माळ सुचवतो, मग मोजके नमुने लॅबमध्ये बनवून बघायचे. आबा फटीचा आकार बघून दगड घडतात ना, अगदी तसं. घोड्याचं औषध म्हणजे टोपलीभर दगड ओतायचे, बसतील ते बसतील. उंदरांना विष दिल्यावर हे प्रोटीन टोचलं तर डोस आणि विषाप्रमाणे 80 ते 100 टक्के वाचले. बेकरच्याच युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटरवर डिझाईन केलेल्या प्रोटीनची कोविडची लस तर दक्षिण कोरियाने 2022 मध्येच मंजूर केली होती.

मी हे सगळं जोशात आबांना सांगितलं. पण खरी गोम अशी की पेपरातलं ते विष नाग-मण्यारच्या कुळातलं, नसांवर जाणारं, छोट्या प्रोटीनचं. फुरशाचं विष रक्त बिघडवतं, त्यात मोठमोठी एन्झाईम्स, तिथे नागावरचा दगड बसणार नाही, वेगळा घडावा लागणार. आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे, माणसांवर सिद्ध होईल तोवर घोडाच.

आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"मगे आमच्या फुरशाचा काय ता सांग."

गडग्याचा तो तुकडा अजून पडकाच आहे, आबा आता आधी काठी फिरवतात, मग दगड उचलतात.