ठोकळ्याची नोंद ९ : सहा गाठींच्या चार झाल्या

मंडळी, आधी वाईट बातमी. ठोकळा म्हणजे लाल वाळूच्या दगडाचा तो तुकडा, ज्यातली डायनोसॉरची अकरा हाडं मी स्कॅनवरून एकेक वेगळी काढतेय. त्यातल्या अल्नावर, म्हणजे कोपर आणि मनगट यांमधल्या एका हाडावर, सहा क्विल नॉब (पिसांची मुळं चिकटायच्या गाठी) आहेत असं मी मागच्या नोंदीत ठामपणे लिहिलं होतं. सहा नाहीत, चार आहेत. उरलेल्या दोन गाठी म्हणजे हाडाला चिकटलेले लोहखनिजाचे खडे निघाले. त्या नोंदीवरून कुणी आपल्या तक्त्यात सहाचा आकडा घातला असेल तर कृपया खोडा.

हे कसं उघडकीला आलं ते सविस्तर सांगते, कारण लाल वाळूच्या दगडावर काम करणाऱ्या कुणालाही हा खड्डा लागू शकतो.

अल्नाचं सेगमेंटेशन, म्हणजे स्कॅनमध्ये हाड दगडापासून वेगळं काढणं, मी थ्रीडी स्लाइसर या प्रोग्रॅममध्ये थ्रेशोल्ड (राखाडी छटेची मर्यादा) लावून केलं होतं. दगड गडद राखाडी, हाड फिकट राखाडी. खालची मर्यादा ठरवली आणि वरची मोकळी सोडली. वरची लावली की हाडालाच भोकं पडायची, कारण हाडातल्या बारीक नळ्यांमध्येही तेच लोहखनिज भरलेलं आहे आणि स्कॅनमध्ये ते हाडापेक्षा पांढरं दिसतं. म्हणजे बाहेरून चिकटलेला खडा आणि हाड, मेशमध्ये (हाडाच्या थ्रीडी आकृतीत) सगळं एकजीव. त्यावर मी खडबडीतपणा घालवणारा मीडियन फिल्टर मारला. खड्यांच्या कडा गोल झाल्या आणि ते खऱ्या गाठींपेक्षा सुबक दिसायला लागले.

शंका आली ती अंतरांवरून. टर्नर, मॅकोविकी आणि नोरेल यांनी २००७ मध्ये व्हेलोसिरॅप्टर या डायनोसॉरच्या अल्नावर दाखवलेल्या सहा गाठी आठवा. त्या एका ओळीत आणि साधारण चार-चार मिलिमीटरवर आहेत. पिसांची रांग तशीच असते, तिला एक ठेका असतो. माझ्या सहा गाठींमधली अंतरं मात्र ३.५, ४.६, २.४, ३.४ आणि २.२ मिलिमीटर आली. तीन वेळा मोजली, आकडे तेच. मग तिसरी आणि सहावी गाठ बाजूला ठेवून उरलेली मोजली: ३.५, ७.०, ३.४. मधलं अंतर बरोबर दुप्पट! त्या रात्री झोप लागली नाही. एकाच आकड्यात दोन गाठींचं जाणं आणि चार गाठींचं खरं ठरणं, दोन्ही होतं.

पण नुसत्या अंतरावरून निकाल देणं बरं नव्हे, म्हणून हाडाला आडवे काप घेऊन बसले. व्हॉक्सेल (स्कॅनचा सगळ्यात लहान ठिपका) ४५ मायक्रॉनचा आहे, त्यामुळे गाठींचा सगळा पट्टा चारशेच्या आसपास स्लाइसमध्ये येतो. सगळ्या हाताने केल्या. ‘ग्रो फ्रॉम सीड्स’ या आपोआप रंगवणाऱ्या साधनाला इथे हात लावू नका, हाड आणि खनिज यांच्यात फरक कमी असला की ते पाण्यासारखं पसरतं. ‘फिल बिटवीन स्लाइसेस’ लांब, सरळ भागासाठी चांगलं आहे, दर दहावी स्लाइस रंगवली की पुरते. गाठींपाशी मात्र एकेक स्लाइसच.

आणि फरक इतका स्वच्छ दिसला की आधी का पाहिलं नाही असं वाटलं. खऱ्या गाठीत हाडाची बाहेरची घट्ट पट्टी हळूहळू वर चढते, गाठीत शिरते आणि पलीकडे उतरते. कुठे सांधा नाही. खड्याच्या खालून मात्र ती पट्टी सरळ निघून जाते, वर काही बसलंय याची तिला दखलच नसते, आणि दोघांमध्ये केसासारखी काळी रेघ दिसते. ती रेघ एक-दोन व्हॉक्सेल रुंद, म्हणजे मीडियन फिल्टरने सगळ्यात आधी खाल्लेली गोष्ट. यापुढे मोजमापाच्या मेशवर फिल्टर नाही. चित्रासाठी हवा तर वेगळी प्रत करा.

सात मिलिमीटरच्या मोकळ्या जागेत, जिथे पाचवी खरी गाठ असायला हवी, तिथे हाडाचा पृष्ठभाग खरवडलेला आहे. उथळ खळगा आहे, बस. ती गाठ मी धरलेली नाही.

तुलनेसाठी मागवलेल्या रेझिनच्या अल्नाबद्दलही (कास्ट, म्हणजे साच्यातून ओतलेली प्रत) सांगून टाकते. मूळ नमुन्यावर गाठी आहेत, कास्टवर बोट फिरवलं तर काहीच लागत नाही. साचा घेताना किंवा घासताना गेल्या असणार. अर्ध्या मिलिमीटरच्या लक्षणांसाठी कास्टवर पैसे घालवू नका. मॉर्फोसोर्स या स्कॅनच्या संकेतस्थळावर स्कॅन मिळत असेल तर तोच घ्या.

आता चांगली बातमी. खरं तर ती आधीच सांगायला हवी होती.

एका हाडावर चूक झाली म्हणजे त्याच थ्रेशोल्डने काढलेल्या अकराही हाडांवर झाली असणार. म्हणून एकेक परत काढायला घेतलं. आतापर्यंत चार झाली. चौथं होतं उजवं मेटाटार्सल दोन, म्हणजे तळपायाचं दुसरं लांब हाड. आठवत असेल, या हाडाने मला किती छळलंय. टीएनटीमध्ये, म्हणजे लक्षणांच्या कोडवरून नात्यांचं झाड शोधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आपला नमुना सतत ट्रूडॉन्टिड या डायनोसॉरांच्या कुळाकडे ओढला जायचा, पण ट्रूडॉन्टिडांत मेटाटार्सल दोन बारीक आणि आखूड असतं, आणि आपलं तर चांगलं जाड आहे. मी ते ‘वेगळेपण’ म्हणून मिरवत होते, नव्या जातीच्या लक्षणांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर टाकलं होतं.

त्याच्या खालच्या टोकाच्या स्लाइस काढताना १४२व्या स्लाइसला तीच काळी रेघ दिसली. टोकाच्या बरोबर मध्ये खनिजाची पाचर बसली होती. ती काढली आणि खाली खोबण उघडी झाली. दोन बाजूंना दोन गोल कड्या, मध्ये खोल चर, अगदी कप्पीसारखी. मेटाटार्सल दोनचं असं टोक ही ड्रोमिओसॉरिडांची, म्हणजे व्हेलोसिरॅप्टरच्या कुळाची, खूण. माझ्या मेशमध्ये ते टोक गुळगुळीत गोल दिसत होतं आणि मी तसंच ० (खूण नाही) कोड केलं होतं.

एक कोड ० चा १ केला, बाकी काही न बदलता शोध परत चालवला. नमुना ट्रूडॉन्टिडांतून निघून ड्रोमिओसॉरिडांत जाऊन बसला, आणि जाड मेटाटार्सलचं कोडंही संपलं. ड्रोमिओसॉरिडात ते जाडच असतं! ‘वेगळेपण’ गेलं, पण प्राणी सुसंगत झाला. मला हे जास्त मोलाचं वाटतं.

गंमत अशी की ज्या अल्नावर तीन आठवडे घातले तिने झाडावर कणभर फरक पडला नाही. सहा गाठी असोत वा चार, कोड ‘आहेत’ हाच. शिवाय क्विल नॉबवरून जात ठरत नाही. ते व्हेलोसिरॅप्टरला आहेत, मादागास्करच्या रहोनाव्हिसला आहेत, आणि आजच्या पक्ष्यांत काहींना आहेत, काहींना नाहीत. त्या सांगतात ते एवढंच, की या हाताला मोठी, घट्ट रुजलेली पिसं होती. मला ते एवढंही पुरेसं आहे. चार मिलिमीटरही नसलेल्या त्या जागांत एकेका पिसाचं मूळ होतं, हे स्लाइस सरकवताना सारखं मनात येत होतं.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. व्हेलोसिरॅप्टरच्या गाठींच्या अंतरावरून टर्नर वगैरेंच्या त्या २००७ च्या लेखात १४ दुय्यम पिसांचा (अल्नावर रुजणाऱ्या मोठ्या पिसांचा) अंदाज काढलाय. मायक्रोरॅप्टरला १८ आणि रहोनाव्हिसला १० धरलीत. आपलं अल्ना ६३ मिलिमीटर आहे आणि ठेका ३.५ चा. पूर्ण लांबी भरली तर १८, दोन्ही टोकांना थोडी जागा सोडली तर १५-१६. लक्षणांच्या यादीत हे घालणार नाही, पण लांबीशी अंतराचं गुणोत्तर इतर नमुन्यांत काढून बघते. कुणाकडे मोजमापं असतील तर कळवा.

दोघांनी विचारलं होतं की अकरा हाडं एकाच प्राण्याची कशावरून. प्रश्न रास्त आहे. आर्किओरॅप्टर सगळ्यांना माहीत आहे: १९९९ मध्ये गाजलेला तो नमुना सीटी स्कॅनमध्ये ८८ तुकड्यांची जुळवणी निघाला, धड यानोर्निस पक्ष्याचं आणि शेपूट मायक्रोरॅप्टरची. तिथे तर मुद्दाम केलेली लबाडी होती. पण २०१५ च्या डकोटारॅप्टरमध्ये कुणाची लबाडी नव्हती, तरी विशबोन (छातीवरचं इंग्रजी व्ही आकाराचं हाड) म्हणून गणलेलं हाड पुढच्याच वर्षी कासवाच्या कवचाचं ठरलं. म्हणून आपल्या यादीतलं ‘विशबोन?’ मी आजपासून झाडाच्या बाहेर ठेवतेय. त्याचं एक टोक मला कधीच पटलं नव्हतं.

नावाची घाई करणाऱ्यांना: पाठीच्या दोन्ही मणक्यांत कमान आणि मुख्य भाग यांच्यातली शिवण उघडी आहे. प्राणी पूर्ण वाढलेला नव्हता. तेव्हा उरलेली ‘वेगळी’ लक्षणं जातीची की वयाची, हे आधी सुटायला हवं. हाडाचा पातळ काप घेऊन वाढीच्या रेषा मोजता येतील, पण संग्रहालय कापायला देणार नाही आणि मीही मागणार नाही. ४५ मायक्रॉनमध्ये त्या रेषा दिसत नाहीत. सिंक्रोट्रॉन (अतिप्रखर क्ष-किरणांचं यंत्र) मिळाला तर गोष्ट वेगळी. हाल्झकारॅप्टर हा डायनोसॉर २०१७ मध्ये ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनमधल्या स्कॅनवरूनच खरा ठरला. तोवर ‘ठोकळा’ हेच नाव.

पुढचा क्रम मी पंजा, मग खांदा असा लावला होता. तो आता मोडला. ड्रोमिओसॉरिड असेल तर शेपटीच्या मणक्यांपासून लांब, बारीक हाडी काड्या निघून एकमेकींना लागून पुढे गेलेल्या असायला हव्यात. ठोकळ्याच्या डाव्या कोपऱ्यात शेपटीचा एक मणका आहे, आणि त्याच्या शेजारचा दगड मी आजवर रिकामा समजून सोडला होता. आज संध्याकाळी तिथे गेले. ६१२व्या स्लाइसला मणक्याच्या बाजूला सहा बारीक फिकट ठिपके आहेत, दोन रांगांत. ६४०व्या स्लाइसलाही सहाच, आणि त्याच जागी.