तुम्ही विचारलंत म्हणून: ती सरळ 'नाही' का म्हणाली नाही?

'सर्व्हिंग इन सायलेन्स' हा सिनेमा मी आत्तापर्यंत कितीतरी जणांना दाखवलाय, वॉर्डातल्या ज्युनिअर पोरींना, चाळीसगावच्या मामेबहिणीला, सुट्टीवर आलेल्या फौजेतल्या चुलतभावाला, आणि संपला की सगळे एकच विचारतात, ताई तिने 'नाही' म्हणून टाकायचं ना, काय बिघडलं असतं? परवा परत विचारलंत म्हणून आज लिहायलाच बसले.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी. 1995 चा अमेरिकन टीव्ही सिनेमा आहे, गोष्ट खरी आहे. मार्गारेथ कॅमरमायर ही आर्मीतली नर्स, जन्म नॉर्वेचा, व्हिएतनामच्या युद्धात तिथल्या फौजी हॉस्पिटलमध्ये काम केलेली, ब्रॉन्झ स्टार हे लष्करी पदक मिळालेलं, पुढे कर्नल झाली आणि वॉशिंग्टन राज्याच्या नॅशनल गार्डची, म्हणजे राज्याच्या राखीव फौजेची, चीफ नर्स. लग्न झालं, चार मुलं झाली, घटस्फोट झाला. 1989 मध्ये तिला वॉर कॉलेजला जायचं होतं, जनरल व्हायची इच्छा होती, त्यासाठी वरच्या दर्जाचा सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो, त्या मुलाखतीत समलिंगी असण्याचा विषय निघाला आणि तिने सांगितलं की मी लेस्बियन आहे. बस, एवढंच. जून 1992 मध्ये तिला काढलं. ग्लेन क्लोजने तिचं काम केलंय आणि ज्युडी डेव्हिसने तिच्या जोडीदाराचं, दोघींना एमी हे टीव्हीचं मोठं बक्षीस मिळालं.

आता उत्तर. पहिली गोष्ट, तो क्लिअरन्स असतो कशासाठी? ह्या माणसाला कोणी गुपितावरून धमकावून देशाची माहिती काढून घेऊ शकेल का हेच तर बघायचं असतं. म्हणजे ती 'नाही' म्हणाली असती तर त्याच क्षणी तिला धमकावता येईल असं एक गुपित तयार झालं असतं. खरं सांगितल्यावर तिच्याविरुद्ध वापरायला कोणाकडे काही उरलंच नाही, आणि तरी बाहेर काढली ती तीच. हे मला आजही पटत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुम्हाला वाटतं 'नाही' एकदाच म्हणायचं असतं. तसं नसतं हो. मुलाखतीत एकदा म्हटलं की मग मेसमध्ये म्हणायचं, फोनवर म्हणायचं, फोटो लपवून ठेवायचे, सोबतची बाई कोण म्हणून विचारलं की परत नवीन काहीतरी रचायचं, आणि जे रचलं ते लक्षात ठेवायचं. मला हे माहितीये कारण मी अकरा वर्षं हेच करतेय. धुळ्यात देवपूरला आम्ही दोघी राहतो, ती शाळेत शिकवते, रोज सोनगीरला एसटीने जाते, मी हॉस्पिटलात. पहिल्या घरमालकीण आजींनी विचारलं होतं, "ती तुनी कोन शे वं माय?" आणि मी म्हटलं मावसबहीण. मग आजींनी मावशीचं गाव विचारलं, मावशीला पोरं किती ते विचारलं, आणि पुढची चार वर्षं त्या नसलेल्या मावशीची तब्येत मला सांगावी लागली, आजी फार मायेने विचारायच्या म्हणून तर जास्तच त्रास व्हायचा. दिवाळीला आजींनी त्या मावशीसाठी म्हणून फराळाचा डबा दिला होता. तो आम्ही दोघींनी खाल्ला, गप्प बसून.

तिच्या आयुष्यातली एक गोष्ट फार कोणाच्या लक्षात येत नाही, नर्सच्या मात्र यायला पाहिजे. आर्मीने तिला एकदा नाही, दोनदा बाहेर काढलं. पहिल्यांदा 1968 मध्ये, आई होणार म्हणून, कारण तेव्हा लहान मूल असलेल्या बाईला नोकरीत ठेवायचे नाहीत. तो नियम 1972 ला बदलला तेव्हा ती परत आली. आणि आपल्याकडे काय? मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधल्या लेफ्टनंट सेलिना जॉन यांना 1988 मध्ये लग्न केलं म्हणून काढलं होतं, फक्त लग्न केलं म्हणून, आणि सुप्रीम कोर्टाने साठ लाख भरपाई द्यायला सांगितली ती 2024 मध्ये. एकीला लग्न केलं म्हणून, एकीला मूल होणार म्हणून, आणि त्याच बाईला परत तिचं प्रेम बाईवर आहे म्हणून. इंजेक्शन देणारा हात तोच असतो ना.

चुलतभाऊ म्हणाला आपल्याकडे तर कायदा झालाय आता. झालाय, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 बद्दल 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला, तो गुन्हा राहिला नाही, पण फौजेचा कायदा वेगळा आहे आणि जानेवारी 2019 मध्ये तेव्हाच्या लष्करप्रमुखांनी सांगून टाकलं की आर्मीत हे चालणार नाही. 2022 मध्ये गे मेजरच्या गोष्टीवर सिनेमा करायला संरक्षण मंत्रालयाने परवानगी नाकारली. म्हणून मी अमेरिकेचा दाखवते, आपला असता तर आपला दाखवला असता.

कर्नलबाईंचं पुढे काय झालं तेही विचारता. कोर्टात गेल्या, 1994 मध्ये जिंकल्या, परत रुजू झाल्या, 1997 ला सन्मानाने रिटायर झाल्या. जनरल मात्र झाल्या नाहीत. अमेरिकन सैन्यातली समलिंगी माणसांवरची बंदी पूर्ण उठायला 2011 उजाडलं. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी त्याच जोडीदाराशी लग्न केलं, हे सिनेमात नाही कारण सिनेमा आधीचा आहे, पण मी दरवेळी शेवटी सांगते.

मागच्या महिन्यात आम्ही दोघी जॉइंट अकाउंट काढायला बँकेत गेलो होतो. सरकारने 2024 मध्येच स्पष्ट केलंय की आमच्यासारख्यांना काढता येतं. काउंटरवरच्या पोरीने फॉर्म भरताना विचारलं, मॅडम नातं काय लिहू? माझ्या तोंडून सवयीने 'मैत्रीण' निघालं. शेजारून ही म्हणाली, जोडीदार लिहा. पोरीने वर बघितलं, परत फॉर्मकडे बघितलं, लिहिलं, आणि म्हणाली दोघींच्या आधारची झेरॉक्स लागेल, बाहेर पाच रुपयाला मिळते.